आक्कांची कुट्टी, आमचं घर

लग्न होऊन मी आले तेव्हा माझ्या नवऱ्याच्या नावावर एक मोटरसायकल होती, एक डीप फ्रीझर होता आणि एक महागडा मोबाइल होता. यातलं काहीही आमच्या घरात नव्हतं. मोटरसायकल न्हावऱ्यात, म्हणजे त्याच्या गावी, चुलत्यांच्या दारात उभी असायची. फ्रीझर एका मित्राच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात होता आणि मोबाइल एका मावसभावाच्या खिशात. आम्ही दोघं शिरूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो आणि त्याच्या जुन्या सायकलवरून भाजी आणायचो.

झालं होतं असं, की भावकीत कंपनीची पगारपावती मिळणारा तो पहिलाच. हप्त्यावर काही घ्यायचं तर दुकानातला फायनान्सवाला पगारपावती मागतो, आणि शेतकऱ्याकडं ती कुठून असणार? मग लोक याच्याकडं यायचे. "तुझ्या नावावर घेऊ का रं?" लग्नाला मोठं पातेलं मागून न्यावं तसं ते त्याचं नाव मागून न्यायचे. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, मागणाऱ्याला नाही आणि देणाऱ्याला तर नाहीच. भीड ही भिकेची बहीण, असं मी त्याला पहिल्याच महिन्यात सुनावलं. तो हसला आणि म्हणाला, "अगं, आपलीच माणसं आहेत."

माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत ट्रॅकवर होते. पगार झाला की त्याच संध्याकाळी ते किराणावाल्याचे पैसे देऊन यायचे, मगच चहा प्यायचे. कर्ज म्हणून त्यांनी आयुष्यात काढलं नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे वाक्य आमच्या क्वार्टरमध्ये मिठासारखं रोजच्या जेवणात असायचं. पण अंथरूण पाहता पाहता घर काही झालं नाही. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं आणि ते दौंडमध्येच भाड्यानं राहायला गेले.

त्या क्वार्टरमध्ये भिंतीला खिळा ठोकायला बंदी होती. रेल्वेची होती की नाही देव जाणे, वडिलांची मात्र होती. "सरकारी भिंत हाय," म्हणायचे. त्यामुळं बाबासाहेबांचा मोठा फोटो माझं सगळं लहानपण ट्रंकेवर टेकवून ठेवलेला होता. लग्नात तो वडिलांनी मला दिला. शिरूरच्या खोलीत पाऊल ठेवलं तर घरमालकीणबाई पहिलं वाक्य बोलल्या, "खिळे ठोकायचे नाहीत हं." फोटो फ्रीजवर गेला. दार जोरात लागलं की तो घसरायचा आणि मी धावत जाऊन सावरायचे. मला घर कशासाठी हवं होतं, असं कुणी विचारलं असतं तर मी खिळ्यासाठी असंच सांगितलं असतं.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तपासणीसाठी रक्त घेते. नवरा सगळ्यांना सांगतो, ही घरीपण तेच करते. असो. दोघांचे पगार जोडून आम्ही थोडेफार साठवले आणि नदीच्या अलीकडं बांधकाम चाललेल्या एका इमारतीत वन बीएचके बघून ठेवला. बघायला गेलो तेव्हा मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटानं टकटक करून बघितलं. बिल्डरचा माणूस म्हणाला, "मॅडम, पक्की विटेची आहे." मला तेवढंच ऐकायचं होतं.

मग बँक. कर्जाच्या टेबलावरच्या साहेबांनी नवऱ्याचा पॅन नंबर टाकला आणि बराच वेळ ते स्क्रीनकडं बघत राहिले. मग मान वळवून त्यांनी विचारलं, "तुम्ही डीप फ्रीझरचं काय करता?" स्क्रीनवर सगळं आलं होतं. मोबाइलचे हप्ते तेवढे ठीक होते. मोटरसायकलचा जवळजवळ प्रत्येक हप्ता उशिरा. आणि फ्रीझरचं दुकान बंद पडलं तेव्हा थोडी रक्कम राहून गेली होती, ती दंड आणि व्याज खात खात चांगली गुटगुटीत झाली होती. साहेब म्हणाले, "असा इतिहास असेल तर होमलोन होणार नाही."

मग त्यांनी माझा नंबर टाकला. मी खुर्चीत ताठ बसले, कारण मी कुणाचे पैसे कधी बुडवले नव्हते. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं काहीच दिसत नाही. तुम्ही कधी काही उधारीवर घेतलंच नाही?" मी अभिमानानं नाही म्हणाले. तर ते म्हणाले, मग तुमच्यावर बँकेनं भरवसा कसा ठेवायचा? माझं डोकंच फिरलं. ज्या माणसानं अर्ध्या न्हावऱ्याला नाव वाटलं तोही नापास आणि जिनं कुणाकडून दमडी घेतली नाही तीही नापास. मी तिथं काय काय बोलले ते लिहीत नाही. नवऱ्यानं मला हळूच कोपर मारलं.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी वाट सांगितली. फ्रीझरची बाकी भरून टाका आणि काही येणं नाही असं पत्र घ्या. कुणालाही नाव देऊ नका. आणि मॅडमच्या नावावर एखादी छोटी वस्तू हप्त्यावर घ्या, वर्षभर तारखेच्या आत भरा, एकही चुकवू नका. मग या. कर्ज मॅडमचं नाव पुढं ठेवून करू.

बाहेर आल्यावर मी गाडीवर बसले. ही गाडी मात्र आमची होती, रोख पैसे देऊन सेकंडहँड घेतलेली. मी नवऱ्याला म्हणाले, "न्हावऱ्याला घे." तो म्हणाला, आत्ता? मी म्हणाले, आत्ता.

त्याचे चुलते, म्हणजे आमचे आप्पा, गोठ्याजवळ बाजेवर बसले होते. मी जय भीम घातला, पाणी प्यायले आणि मग विचारलं, "आप्पा, मोटरसायकलचे हप्ते तुम्ही वेळेवर का नाही भरले?"

आप्पांना प्रश्नच कळला नाही. "म्या भरलं न्हाईत? समदं भरलं. उसाचं बिल आलं त्या दिवशी शिरूरला गेलो, राहिलेलं समदं एका टायमाला मोजून दिलं. दंडासकट. आन् वर त्या हापिसातल्या पोरांना पेढं वाटलं."

"पेढं?"

"मग. कर्ज फिटलं म्हंजी पेढं नको? ते पोरगं म्हणलं, आप्पा, अशी एकरकमी कोण भरत न्हाई."

त्यांचं खरंच होतं. त्या पोरांनी पेढे खाल्ले आणि कॉम्प्युटरनं सगळे महिने उशीर म्हणून लिहिले. आप्पांच्या हिशेबात पैसा हा बिल आल्यावर येतो आणि आला की आधी घेणेकऱ्याचा असतो. यात त्यांनी आयुष्यात कसूर केली नव्हती. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पैसा असतो हे दौंडच्या रेल्वेवाल्यांना माहीत, उसाला ते माहीत नाही. मी भांडायला गेले होते आणि आता भांडायचं कुणाशी ते कळेना. आप्पा मात्र खिन्न झाले. दोन-तीनदा म्हणाले, "पर बुडवलं तर न्हाई ना?"

हे सगळं आप्पांची सून ऐकत होती. ती माझी चुलत जाऊ, माझ्याहून मोठी. मी त्यांना आक्का म्हणते. त्या गायींसाठी विळ्यानं मका तोडत बसल्या होत्या. दिराची ट्रकवर नोकरी, ते कायम बाहेर, त्यामुळं दोन गायी, थोडकं रान आणि आप्पा हे सगळं आक्कांच्याच अंगावर. त्यांनी हातातला विळा खाली ठेवला आणि विचारलं, "म्हंजी तुला आता कायतरी हप्त्यावर घ्यायलाच लागतंय?"

मी व्हय म्हणाले.

"मग माझी कुट्टी मशीन घे की तुझ्या नावावर. हात मोडून आलं गं माझं."

मी नवऱ्याकडं बघितलं. तो जमिनीकडं बघून हसत होता. ज्या खड्ड्यात आमचं घर गेलं त्याच खड्ड्यात या बाई मला हाताला धरून नेत होत्या, आणि तेही मदत म्हणून. मी विचार करून सांगते म्हणाले आणि निघाले. येताना रस्ताभर मी नवऱ्याला ऐकवत होते, की हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तो म्हणाला, "तुला मिक्सर घ्यायचाय का मग? घरात आहे. टीव्ही? आहे. ज्याला गरज आहे त्याला मिळू दे की."

शेवटी मी वडिलांना फोन केला, कारण ते नाही म्हणणार याची मला खात्री होती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई कशी हाय?" मी म्हणाले, बाई चांगली आहे, पण तारखेचं काय? ते म्हणाले, "गाडी रुळावर आल्याबिगर टायमात पळती का न्हाई ते कसं कळायचं? घे." कर्जाला कायम नाही म्हणणाऱ्या माणसानं मला कर्ज घ्यायला लावलं. त्या दिवशी माझा कुणावरच भरवसा उरला नाही.

कुट्टी मशीन माझ्या नावावर आली. मोटर बसवली, मक्याची पहिली पेंढी आत घातली आणि बारीक कुट्टी बाहेर पडली तेव्हा आक्का तिच्यात हात घालून उभ्या राहिल्या. मी माझी अट सांगितली. हप्ता पाच तारखेला माझ्या खात्यातून आपोआप कापला जातो, तर पैसे तीन तारखेला माझ्या हातात पाहिजेत. उसाचं बिल, कांद्याचा भाव, पाव्हणारावळा, काही सांगायचं नाही. आक्का म्हणाल्या, "बरं." एवढंच.

दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. आक्का महिन्याची वाट बघायच्याच नाहीत. पगार झाला की त्यातला हप्त्याचा भाग बाजूला काढायच्या आणि शिरूरला निघालेल्या कुणाच्याही हाती लॅबवर पाठवून द्यायच्या. कधी शाळेतले मास्तर यायचे, कधी खताच्या दुकानाला आलेला शेजारी. साखर तपासायला येणाऱ्या एक चाची होत्या. त्या आधी बाही वर करायच्या, मी रक्त घेतलं की पर्समधून घडी घातलेल्या नोटा काढायच्या आणि म्हणायच्या, "ये तुमच्या जाऊनं दिलंय, मोजून घ्या." पुढं पुढं असं झालं, की माझ्या हप्त्याची तारीख गावात सगळ्यांना पाठ झाली. एसटीत भेटलेलं माणूससुद्धा विचारायचं, "गेला का हप्ता?" मला आधी लाज वाटायची. मग सवय झाली. मग एकदा कुणी विचारलं नाही तर चुकल्यासारखं वाटलं.

इकडं नवऱ्यानं फ्रीझरची बाकी फेडायला घेतली. ओव्हरटाइम करून, आपल्या पगारातून. मी म्हणाले, त्या मित्राला निदान बोलून तरी दाखव. तो म्हणाला, "त्याचं दुकान गेलं, माझं नाव गेलं. कुणाचं जास्त गेलं?" मला पटलं नाही, अजूनही पूर्ण पटत नाही. पण बाकी भरल्याचं पत्र घेऊन तो आला तेव्हा त्याच्या तोंडून त्या मित्राबद्दल एक वाकडा शब्द आला नाही, आणि अशा माणसाशी आपलं लग्न झालंय याचा मला त्या दिवशी उगाचच ताठा चढला.

वर्ष सरत आलं होतं आणि बिल्डरचा माणूस दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणून रोज फोन करत होता. शेवटी आम्ही साठवलेलं सगळं बुकिंगला देऊन टाकलं. कर्ज झालं नसतं तर त्यातलं निम्मंसुद्धा परत मिळालं नसतं. आणि नेमका त्याच महिन्यात गावात गुरांना लाळ्या-खुरकूत झाला. आक्कांच्या दोन्ही गायी बसल्या. दूध बंद, पगार बंद. लॅबचे डॉक्टर परगावी, माझा पगार अडकलेला. नवऱ्याचा पगार सात तारखेला. खात्यात हप्त्याएवढेही पैसे नव्हते.

नवरा म्हणाला, कंपनीत कुणाकडून तरी उसने आणतो. मी म्हणाले, आता एकाचं मिटवायला दुसऱ्याचं नको. तोऱ्यात म्हणाले खरी, पण दुसरा उपाय माझ्याकडं नव्हता. आक्कांना विचारायची मला हिंमत होत नव्हती. ज्या बाईच्या गायी तोंडानं चारा धरत नाहीत तिला हप्ता मागायचा कसा? तीन तारीख गेली, कुणी आलं नाही. चार तारखेला दुपारी मी वडिलांना फोन करायचा असं ठरवलं. आयुष्यभर कुणापुढं हात न पसरलेल्या माणसापुढं हात पसरायचा होता. त्यापेक्षा फ्लॅट जाऊ दे, असंही एकदा मनात आलं.

फोन हातात होता आणि लॅबच्या दारात आक्का. चपला धुळीनं भरलेल्या, डोक्याला फडकं, चेहरा उन्हानं रापलेला. मला वाटलं, तब्येत बिघडली म्हणून आल्या. त्यांनी पिशवीतून नोटांची घडी काढली.

"एक दीस उशीर झाला बघ. चालंल ना?"

"चालंल आक्का. पण दूध तर बंद आहे."

"हाय की बंद. तू भर जा आधी. मला यष्टी हाय."

चहासुद्धा न घेता त्या गेल्या. मी दुपारच्या सुट्टीत बँकेत जाऊन पैसे भरले. नोटांना कांद्याचा वास येत होता. खिडकीतल्या माणसानं नोटा मोजल्या आणि नाक मुरडून माझ्याकडं बघितलं. मला तेव्हा काही उमगलं नाही. सगळ्या घराला कांद्याचा वास असतो, त्यात काय एवढं.

संध्याकाळी नवऱ्यानं आप्पांना फोन लावला तेव्हा कळलं. भांडगावकडं कांदा काढणीला बायकांची टोळी टेम्पोनं जात होती, तिच्यात आक्का जात होत्या. पहाटे उठून गायींच्या तोंडाला आणि खुरांना औषध लावायचं, आप्पांची भाकरी करून ठेवायची आणि टेम्पो पकडायचा. दिवसभर दुसऱ्याच्या रानात कांदा काढायचा, कापायचा, अंधार पडता पडता परत येऊन पुन्हा गायींपाशी बसायचं. आप्पा नको म्हणाले होते. म्हणाले होते, एक महिना न्हाई दिला तर काय व्हतंय, ती आपलीच पोर हाय, समजून घील. त्यावर आक्का आप्पांना म्हणाल्या होत्या, "ती घील समजून. पर ब्यांकेतलं ते यंत्र न्हाई समजून घेत. मागल्या बारीला आपल्यापायी त्याचं नाव गेलं. आता हिचं न्हाई जाऊ द्यायचं."

आप्पांनी हे सांगून फोन ठेवला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. रडताना आक्कांचा रागही येत होता. मला एक शब्द सांगितला असता तर मी वडिलांपुढं हात पसरला असता, चोरी केली असती, काहीही केलं असतं. पण मी तरी त्यांना माझं खातं कोरडं आहे हे कुठं सांगितलं होतं? त्यांना ते ठाऊकही नव्हतं. त्या केवळ बरं म्हणाल्या होत्या म्हणून गेल्या होत्या. दिलेल्या शब्दाबद्दल मी आजवर पुष्कळ ऐकलंय, स्वतःही बोलते. त्या दिवशी तो बँकेत भरून आले होते.

पुढचे हप्ते सुरळीत गेले. गायी उठल्या. शेवटचा हप्ता द्यायला आक्का स्वतः आल्या आणि येताना पेढे घेऊन आल्या. ते आप्पांनी पाठवले होते. "या बारीला टायमात हाय म्हणून दोन जास्त," असा निरोप होता. लॅबमध्ये सगळ्यांना वाटले. तपासणीला आलेल्या चाचींनी हळूच एक उचलला आणि मी बघितलं न बघितलंसं केलं.

बँकेत तेच साहेब होते. त्यांनी माझा नंबर टाकला, स्क्रीन माझ्याकडं वळवली आणि म्हणाले, "मॅडम, एकही डाग नाही." मग जरा खाली बघून त्यांनी विचारलं, "कडबाकुट्टी? शिरूरमध्ये?" मी म्हणाले, "हो. कर्ज होणार ना?" कर्ज झालं. पहिलं नाव माझं, दुसरं नवऱ्याचं.

नव्या घरात राहायला गेलो त्या दिवशी आम्ही पांढरे कपडे घातले, वंदना झाली, खीर झाली. वडील दौंडहून आले होते. ते दारं-खिडक्या उघडून लावून बघत होते. आप्पा बाल्कनीत खुर्ची टाकून बसले. आक्का मात्र एकेका खोलीत गेल्या आणि गाय विकत घेताना पाठीवरून हात फिरवावा तसा प्रत्येक भिंतीवरून हात फिरवून आल्या. मग सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "आता सांग, ह्यातली माझी भिंत कुठली?"

सगळे हसले. त्याही हसल्या. मला हसता येईना. मी आत गेले, हातोडी आणि खिळा आणला आणि त्यांच्या हातात दिला. बाहेरच्या खोलीतली समोरची भिंत दाखवली. म्हणाले, "ही. इथं बाबासाहेब लावायचेत. तुम्ही ठोका."

आक्कांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग पदर खोचला. पहिला घाव बसला तेव्हा वडील दचकले. "हळू, हळू," असं त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. थोडा गिलावा पडला. आक्कांनी दुसरा घाव पहिल्यापेक्षा जोरात घातला आणि खिळा आत गेला. ट्रंकेवर, फ्रीजवर, इतकी वर्षं टेकून राहिलेला फोटो त्यांनीच उचलून टांगला.

वडील चार पावलं मागं गेले, एक डोळा बारीक केला आणि म्हणाले, "डावीकडं कलतोय."

आक्का हात झटकत खिरीकडं निघाल्या होत्या. मागं न बघता त्या म्हणाल्या, "कलू द्या मामा. पडत तर न्हाई."

मी तो अजून सरळ केलेला नाही.